कोळशावरचा उपकर, अणूचा खर्च आणि गटारातला माणूस

2010 साली केंद्र सरकारने कोळशावर टनामागे 50 रुपयांचा उपकर बसवला आणि त्याला नाव दिलं 'स्वच्छ ऊर्जा उपकर'. 2014 मध्ये तो 100 रुपये झाला, 2015 मध्ये 200 आणि 2016 मध्ये 400. दर वाढला तसं नावही वाढलं, 'स्वच्छ पर्यावरण उपकर' झालं. कल्पना अगदी सरळ होती. कोळसा जाळून जी घाण होते तिची किंमत कोळशाने द्यावी आणि तो पैसा 'राष्ट्रीय स्वच्छ ऊर्जा निधी'त जाऊन चांगल्या कामाला लागावा.

2010-11 ते 2017-18 या काळात या उपकरातून सुमारे 86,440 कोटी रुपये जमले. त्यातले निधीत वळते झाले सुमारे 29,645 कोटी. प्रकल्पांवर खर्च झाले सुमारे 15,911 कोटी. म्हणजे स्वच्छतेच्या नावाने घेतलेल्या शंभर रुपयांतले साधारण 18 रुपये त्या कामाला लागले. पुढे जुलै 2017 मध्ये जीएसटी आला. टनामागचे 400 रुपये तसेच राहिले, पण आता ते राज्यांचं जीएसटीचं नुकसान भरून देण्यासाठी. सप्टेंबर 2025 मध्ये तेही गेले आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. आता नावापुरताही त्या पैशाचा पर्यावरणाशी संबंध उरलेला नाही.

आपला देश वर्षाला 100 कोटी टनांहून जास्त कोळसा काढतो. टनामागे 400 रुपये धरून गुणाकार करा. वर्षाला 40 हजार कोटींच्या घरातली रक्कम होते. एवढ्या पैशात काय काय झालं असतं याची यादी मी देत बसत नाही. प्रत्येकाने आपापल्या जिल्ह्याकडे पाहून ती करावी. चंद्रपूरच्या वाचकांना तर मी काही सांगायलाच नको.

घरातून पहिल्यांदाच पदवीपर्यंत पोचलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी अर्थसंकल्प पाहिला तो टीव्हीवर, 'काय स्वस्त, काय महाग' या पट्टीत. करामधला आणि उपकरामधला फरक आपल्याला कुणी सांगितला नाही. कराचा वाटा राज्यांना मिळतो. उपकर पूर्ण केंद्राकडे राहतो, आणि त्या बदल्यात तो ज्या कामासाठी घेतला त्याच कामावर खर्च करण्याचं नैतिक बंधन असतं. ते बंधन मोडलं तर रस्त्यावर कुणी येत नाही, कारण ज्याचा पैसा गेला त्याला तो गेल्याचं कळतच नाही. मी समाजशास्त्रात संशोधन करते, अर्थशास्त्र माझा विषय नाही. पण मागण्यांची पुस्तकं वाचायला लागल्यापासून मला वाटायला लागलंय की जात समजून घ्यायची तर गाव जेवढं पाहावं लागतं तेवढेच हे रकानेही.

आता थोडं मागे जाऊ. जुलै 1942 ते जून 1946 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. वीज आणि पाणी हे विषयही त्यांच्याच खात्याकडे होते. हे आपण जयंतीच्या भाषणात सांगतो आणि दामोदर खोऱ्याचं नाव घेऊन पुढे जातो. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा पट्ट्यात गेले, स्वतः खाणीत उतरले, कामगारांची घरं पाहिली. त्यानंतर महिन्या-दीड महिन्यात, जानेवारी 1944 मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा वटहुकूम निघाला. त्याची रचना बघण्यासारखी आहे. खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर, आणि तो पैसा जाणार खाण कामगारांच्या घरांना, पाण्याला, दवाखान्याला, शिक्षणाला. जो माणूस कोळसा काढतो त्याच्याकडेच कोळशावरचा पैसा परत.

1944 चा उपकर आणि 2010 चा उपकर शेजारी ठेवून पाहा. 2010 च्या योजनेत 'ऊर्जा' होती, 'पर्यावरण' होतं, माणूस नव्हता. खाण कामगार नव्हता, राखेच्या तलावाखालचं गाव नव्हतं. जुलै 2022 मध्ये कोराडी वीज केंद्राच्या खसाळा इथल्या राख तलावाचा बांध फुटला आणि राखेचं पाणी शेतांत आणि नदीत शिरलं. हा त्या 'स्वच्छ ऊर्जे'च्या हिशेबाबाहेरचा खर्च. तो शेतकऱ्याने आपल्या वहीत लिहून घ्यायचा.

बाबासाहेब विजेच्या विरोधात नव्हते, उलट ऑक्टोबर 1943 मध्ये वीजविषयक धोरण समितीसमोर बोलताना त्यांचा आग्रह मुबलक आणि स्वस्त विजेचा होता. कारखानदारीशिवाय शेतीवरचा भार कमी होणार नाही आणि दारिद्र्याचं चक्र तुटणार नाही, असं ते मांडत होते. त्यामुळे 'तुम्हाला विकासच नको' हा आरोप आपल्यावर लागू होत नाही. वीज हवीच. ती कुणाच्या जमिनीतून येते आणि तिची राख कुणाच्या अंगणात पडते, एवढंच आपण विचारतोय.

अणुऊर्जेकडे आलं की हा प्रश्न जास्त अवघड होतो, कारण तिथे विचारायलाच बंदी असते. अणुऊर्जा आयोग 1948 चा, अणुऊर्जा विभाग 1954 चा, आणि तो थेट पंतप्रधानांच्या हाताखाली. 2025-26 साठी या विभागाची तरतूद सुमारे 24 हजार कोटी रुपयांची आहे. पर्यावरण, वन आणि हवामान बदल मंत्रालयाची साधारण 3,400 कोटींची. म्हणजे सातास एक.

या 24 हजार कोटींकडे बोट दाखवण्याआधी एक गोष्ट मान्य करायला हवी. मुंबईचं टाटा मेमोरियल याच विभागाच्या पैशावर चालतं. परळच्या फुटपाथवर पथारी टाकून नंबराची वाट पाहणारे नातेवाईक आपल्यापैकी अनेकांच्या घरातले आहेत. तिथला एक रुपयाही कमी व्हावा असं मी म्हणणार नाही, उलट वाढावा. म्हणूनच हा खर्च सुटा करून दाखवा अशी मागणी आहे. कॅन्सरचा उपचार किती, संशोधन किती, वीज किती आणि अस्त्रं किती. पहिल्या तिन्हींचा अंदाज कागदांतून येतो. चौथ्याचा येत नाही. अण्वस्त्रांवरचा खर्च असा स्वतंत्र रकाना आपल्या अर्थसंकल्पात नाहीच. तो अणुऊर्जा, संरक्षण संशोधन आणि सैन्यदलांच्या तरतुदींत विरघळलेला आहे. स्टॉकहोमची सिप्री ही संस्था 2025 च्या सुरुवातीला भारताकडे सुमारे 180 अण्वस्त्रं असल्याचा अंदाज देते. त्यांच्यावर किती पैसे गेले हे ज्या नागरिकाच्या खिशातून गेले त्याला कळायचा मार्ग नाही.

'हे तर सगळ्याच देशांत गुपित असतं' हे खरं नाही. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचा अर्थसंकल्प उघडला तर अण्वस्त्रांचं काम पाहणाऱ्या यंत्रणेचा आकडा वेगळा दिसतो, 2024 च्या आर्थिक वर्षात सुमारे 24 अब्ज डॉलर. जुन्या अण्वस्त्र कारखान्यांची घाण काढण्याचा आकडाही वेगळा, 8 अब्ज डॉलरच्या वर. त्या देशाने केलेला अन्याय लहान नाही. तिथेही युरेनियम निघालं ते नवाहो आदिवासींच्या जमिनीतून, आणि फुप्फुसं गेली ती त्यांची. पण 1990 मध्ये त्यांनी नुकसानभरपाईचा कायदा केला. 2024 मध्ये तो संपला होता, 2025 मध्ये पुन्हा सुरू झाला. आपल्याकडे युरेनियम खाणींतल्या माणसांसाठी असा वेगळा कायदा नाही.

आपली ही माणसं झारखंडच्या पूर्व सिंहभूममधल्या जादूगोड्याला राहतात. संथाळ आणि हो आदिवासींचा हा मुलूख. युरेनियम कॉर्पोरेशन 1967 ची. त्या खडकात युरेनियम इतकं विरळ आहे की टनभर दगड दळला तरी किलोभरसुद्धा निघत नाही. उरलेला सगळा दगड गाळ होऊन तलावांत साठतो, आणि मूळ खडकातल्या किरणोत्साराचा मोठा भाग त्या गाळातच राहतो. त्यातल्या रेडियमचा अर्धायुकाल 1,600 वर्षांचा आहे, थोरियमचा 75 हजार वर्षांचा. अर्थसंकल्प एका वर्षाचा, योजना फार तर पाच वर्षांची. या गाळाची राखण कुठल्या रकान्यात मांडायची?

जानेवारी 1996 मध्ये तिसऱ्या गाळ तलावासाठी चाटीकोचा गावातली घरं पाडली गेली. डिसेंबर 2006 मध्ये गाळ वाहून नेणारी नळी फुटली आणि कित्येक तास तो ओढ्यात वाहत राहिला. 2007 मध्ये डॉक्टरांच्या एका संघटनेने केलेल्या पाहणीत खाणीजवळच्या गावांत जन्मजात व्यंगांचं प्रमाण लांबच्या गावांपेक्षा जास्त आढळलं. कंपनी आणि अणुऊर्जा विभागाने किरणोत्साराशी असा काही संबंध असल्याचं सातत्याने नाकारलं आहे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 2004 मध्ये तिथे याचिका फेटाळली गेली. ज्याच्यावर आरोप त्याच्याकडेच मोजमाप, आणि ज्याचं मूल आजारी त्याच्याकडे पुरावा मागायचा, हा प्रकार आपल्याला नवा नाही. गावकीत पंचांसमोर उभं राहिलेल्या आपल्या आजोबांनाही तो ठाऊक होता.

1999 मध्ये श्रीप्रकाश यांनी जादूगोड्यावर माहितीपट केला. त्याच्या नावात बुद्ध रडतो. कारण 18 मे 1974 च्या पोखरण चाचणीला जे नाव चिकटलं त्यात बुद्ध हसत होता. ती चाचणी बुद्धपौर्णिमेला झाली असं सर्रास लिहिलं जातं, पण त्या वर्षीची पौर्णिमा 6 मे रोजी होऊन गेली होती. 11 मे 1998 ला मात्र खरोखरच बुद्धपौर्णिमा होती. ज्या दिवशी आपल्या वस्त्यांत खीर वाटली जाते त्या दिवशी वाळवंटात तीन स्फोट झाले. 1956 मध्ये ज्यांनी बुद्धाला जगण्याचा मार्ग म्हणून स्वीकारलं त्यांच्यापैकी कुणालाही विचारून हे नाव वापरलेलं नव्हतं. आता नावाच्या खेळात आणखी भर पडली आहे. डिसेंबर 2025 मध्ये अणुऊर्जा खासगी कंपन्यांना खुली करणारा कायदा संसदेने मंजूर केला. त्याचं संक्षिप्त नाव 'शांती'.

या कायद्याने 1962 चा अणुऊर्जा कायदा आणि 2010 चा अणुदायित्व कायदा दोन्ही रद्द केले. 2010 च्या कायद्यात एक महत्त्वाचं कलम होतं. यंत्रसामग्री सदोष निघून अपघात झाला तर ती पुरवणाऱ्या कंपनीकडूनही भरपाई वसूल करण्याचा हक्क चालकाला होता. ते कलम भोपाळच्या आठवणीतून आलं होतं. नव्या कायद्यात ते राहिलेलं नाही. शिवाय चालकाच्या जबाबदारीलाही कमाल मर्यादा आहे, सर्वांत मोठ्या अणुभट्ट्यांसाठी 3,000 कोटी रुपये. त्यापुढचं काय ते सरकारने पाहायचं, म्हणजे पुन्हा आपणच.

भोपाळची घाण काढायला काय लागतं ते आपण नुकतंच पाहिलं. 1984 ची वायुगळती. 1989 ला 47 कोटी डॉलरवर तडजोड. 2023 ला वाढीव भरपाईची मागणी सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. कारखान्याच्या आवारात पडलेला सुमारे 337 टन विषारी कचरा उचलून पीथमपूरला न्यायला जानेवारी 2025 उजाडला, म्हणजे 40 वर्षं लागली. त्यासाठी केंद्राने दिलेले 126 कोटी रुपये करदात्यांचे होते. कारखान्याभोवतीची माती आणि जमिनीखालचं पाणी यांचा प्रश्न अजून तसाच आहे.

पैसा नसतो असं नाही. 2024-25 मध्ये पर्यावरण मंत्रालयाच्या प्रदूषण नियंत्रण योजनेसाठी 858 कोटी रुपये होते. जानेवारी 2025 पर्यंत त्यातले फक्त 7.22 कोटी खर्च झाल्याचं संसदीय समितीसमोर आलं. कारण काय, तर योजना पुढे चालू ठेवायची मंजुरी आलेली नव्हती. दिल्लीत लोक मास्क लावून फिरत होते आणि फाइल टेबलावर होती.

दुसरीकडे 2025-26 च्या अर्थसंकल्पात अणुऊर्जा मोहिमेसाठी 20 हजार कोटी रुपये जाहीर झाले. छोट्या अणुभट्ट्यांचं संशोधन, 2033 पर्यंत किमान पाच अणुभट्ट्या चालू, आणि 2047 पर्यंत 100 गिगावॅटचं लक्ष्य. आजची क्षमता 9 गिगावॅटच्याही आत आहे आणि देशातल्या विजेत अणूचा वाटा साधारण 3 टक्के. जुनी लक्ष्यंही आठवायला हवीत. होमी भाभांनी 1980 पर्यंत 8,000 मेगावॅट सांगितले होते, तेव्हा झाले सुमारे 600. विक्रम साराभाईंनी 2000 पर्यंत 43,500 सांगितले, झाले 2,720. एखाद्या दलित तरुणाने मुद्रा कर्जाच्या अर्जात असा अंदाज लिहिला असता तर बँकेने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं.

20 हजार कोटी हा आकडा आणखी एका ठिकाणी भेटतो. 2015 मध्ये नमामि गंगेसाठी तेवढेच मंजूर झाले होते. गंगा स्वच्छ व्हायला हवी, वाद नाही. पण नदीच्या स्वच्छतेला जो मान आहे तो स्वच्छता करणाऱ्याला नाही. 24 फेब्रुवारी 2019 ला प्रयागराजमध्ये पंतप्रधानांनी पाच सफाई कामगारांचे पाय धुतले. कॅमेऱ्यासमोर पाय धुणं स्वस्त असतं. गटारात उतरवणं थांबवायला पैसे लागतात, आणि ते किती ठेवलेत ते पाहू. गटार आणि सेप्टिक टँकच्या सफाईचं यांत्रिकीकरण करणाऱ्या 'नमस्ते' योजनेला 2023-24 ते 2025-26 या तीन वर्षांसाठी मिळून 349.73 कोटी. वर्षाला सरासरी 117 कोटी, साऱ्या देशासाठी. भोपाळचा 337 टन कचरा हलवून जाळायला दिले त्याहून कमी.

2019 ते 2023 या पाच वर्षांत गटारं आणि सेप्टिक टँक साफ करताना 377 माणसं मेल्याचं सरकारनेच संसदेत सांगितलं. 2022 आणि 2023 मधल्या 54 मृत्यूंचं सामाजिक लेखापरीक्षण झालं, तेव्हा 49 जणांच्या अंगावर कुठलंही सुरक्षा साहित्य नव्हतं असं दिसलं. हाताने मैला उचलणाऱ्या ज्या 43,797 जणांच्या जातीची नोंद सरकारकडे होती त्यांतले 42,594 अनुसूचित जातींचे निघाले, म्हणजे 97 टक्के. इतकं स्पष्ट प्रमाण समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला क्वचितच मिळतं. तरी 'जात आता कुठे राहिलीय' असं सेमिनारमध्ये ऐकावं लागतंच.

कुणी म्हणेल, अणुभट्टी आणि गटार यांची तुलना कशाला? अणुभट्टी हे विज्ञान आहे, गटार नगरपालिकेचं काम. मला ही विभागणीच मान्य नाही. छोटी अणुभट्टी बनवणाऱ्या देशाला माणूस आत न उतरवता चेंबर साफ करण्याचं तंत्र अवघड नसतं. यंत्र आहे, ते विकत घ्यायला आणि चालवायला माणसं नेमायला पैसा नाही. पैसा नाही, कारण आत उतरायला स्वस्त माणूस हाताशी आहे आणि तो कुठल्या वस्तीतून येणार हे ठेकेदाराला आधीच माहीत आहे. ऊर्जा, अस्त्रं आणि सफाई ही तीन वेगळी मंत्रालयं असतील, पण जमीन द्यायला आदिवासी, राख झेलायला त्याचाच शेजारी आणि घाणीत उतरायला वाल्मीकी, मेहतर, अरुंधतियार, असं ठरवलेलं आहे. तारापूरसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. जैतापूरला 2011 मध्ये गोळीबारात आंदोलकाचा जीव गेला. तेव्हाही विजेची गरज सांगणारे आणि जमीन देणारे वेगवेगळेच होते.

मागण्या फार अवघड नाहीत. कोळशावरच्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा 1944 च्या धर्तीवर कायद्यानेच खाण आणि राखेच्या परिसरातल्या लोकांसाठी बांधून द्यावा, म्हणजे तो दुसरीकडे वळवता येणार नाही. प्रदूषण नियंत्रणाचा निधी मंजुरीअभावी परत जाऊ नये. जादूगोड्याची आरोग्य पाहणी अणुऊर्जा विभागाच्या नव्हे, स्वतंत्र यंत्रणेच्या हातात द्यावी आणि तिचे निष्कर्ष संथाळी आणि हो भाषांत गावात वाचून दाखवावेत. आणि 'नमस्ते'ची रक्कम शहरांतल्या चेंबरांची संख्या मोजून ठरवावी, उरलेल्या पैशातून नव्हे.

1 फेब्रुवारीला नवा अर्थसंकल्प येईल. भाषण ऐकायचं तर ऐका, पण संध्याकाळी केंद्र सरकारच्या अर्थसंकल्पाच्या संकेतस्थळावर जाऊन अणुऊर्जा, पर्यावरण आणि सामाजिक न्याय या तीन खात्यांच्या मागण्या उतरवून घ्या. 'सुधारित अंदाज' हा रकाना आधी पाहा, गेल्या वर्षी जाहीर केलेल्यातलं किती कापलं ते तिथे कळतं. मग आपल्या नगरपालिकेत माहिती अधिकाराचा अर्ज टाका: गटारसफाईची यंत्रं किती, त्यांतली चालू किती, ती चालवणाऱ्यांना पगार कोण देतं आणि किती. अर्जाची फी 10 रुपये आहे, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तीही माफ आहे.